इंग्लंडचे सोन्याच्या मुलाम्याचे मानाचे चषक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या संग्रहालयांत हे चषक बघून आलेले लोक जवळपास तेच प्रश्न विचारतात : सोन्याचे आहेत का, राजाचे होते का, आता कोणाच्या मालकीचे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मालकीचं उत्तर मात्र दर चषकागणिक बदलतं, आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ त्याचीच आहे. त्यामुळे खाली तोच भाग लांबला आहे.

हे चषक सोन्याचे असतात का?

नाही. अंगची चांदी आणि वरून सोन्याचा मुलामा. चांदीही शंभर नंबरी नसते. इंग्लंडात चालणारा ‘स्टर्लिंग’ कस म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकीचं मुख्यतः तांबं. निव्वळ चांदी मऊ पडते, तिची उंच दांडी आणि पातळ काठ टिकत नाहीत.

जुन्या कागदपत्रांत ‘सोन्याचा पेला’ असं लिहिलेलं दिसलं तरी वस्तू मुलाम्याची निघणं अगदी नेहमीचं आहे. निखळ सोन्याचे चषकही होते, पण ते बहुतेक सगळे वितळले. आठव्या हेन्रीची राणी जेन सीमोर हिच्यासाठी चित्रकार हान्स होल्बाइनने सोन्याच्या चषकाचं रेखाटन केलं होतं. ते रेखाटन ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आजही आहे. चषक मात्र पहिल्या चार्ल्सच्या पैशाच्या ओढाताणीत १६२९ साली मुशीत गेला.

मुलामा कसा देत?

पाऱ्याने. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांना माहीत असलेलीच ही रीत. सोनं पाऱ्यात विरघळवायचं, लोण्यासारखा लगदा झाला की तो चांदीवर सारखा माखायचा आणि वस्तू कोळशाच्या आचेवर धरायची. पारा वाफ होऊन उडून जातो, सोनं चांदीला धरून बसतं. तेव्हा ते निस्तेज, पिवळट दिसतं. मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घासून घासून त्याला झळाळी आणायची.

उडून जाणारी ती वाफ कारागिराच्या छातीत जायची. हात थरथरणं, दात हलणं, बुद्धी भ्रमणं हे या धंद्याचे ठरलेले रोग होते. काचेच्या कपाटातला चषक बघताना त्यावर कोरलेलं सरदाराचं नाव वाचता येतं, मुलामा देणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि त्यानंतर पाऱ्याचं काम हळूहळू मागे पडलं.

नुसती चांदी का चालत नसे?

एक कारण व्यवहाराचं. चांदी काळी पडते, आंबट फळं आणि वाइन तिला डाग पाडतात, सोनं मात्र तसंच राहतं. दुसरं कारण मानाचं. ट्यूडर दरबारातल्या याद्यांत ‘मुलाम्याची’ आणि ‘पांढरी’ भांडी वेगवेगळी लिहीत आणि प्रत्येकाचं वजन औंसांत मांडत. नवीन वर्षाच्या दिवशी सरदार राणी एलिझाबेथला नजराणा देत आणि राणी उलट मुलाम्याची भांडी देई. कोणाला किती औंस मिळाले यावरून दरबारात कोणाचं वजन किती, हे सगळ्यांना कळे.

मानाचा चषक म्हणजे नेमका कसा असतो? त्यातून खरंच पीत असत का?

सगळ्यात जुना आणि रुबाबदार प्रकार म्हणजे उंच दांडीचा, झाकणाचा पेला. सोळाशेच्या सुमारास इंग्लंडात त्याच्या झाकणावर त्रिकोणी, निमुळता मनोरा चढवायची फॅशन आली. असा मनोऱ्याचा पेला ही खास इंग्रज घडण आहे. इंग्लंडातून रशियाच्या झारांना नजराणे म्हणून गेलेली असली भांडी मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये सुखरूप राहिली आणि खुद्द इंग्लंडातली पुष्कळशी नष्ट झाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधून परागंदा झालेले प्रॉटेस्टंट कारागीर लंडनला आले आणि दोन कानांचे भारदस्त चषक रुळले. पॉल दे लामरी हा त्या परंपरेतला सगळ्यात गाजलेला सोनार.

पीत असत, पण सगळ्यांतून नव्हे. बरेचसे चषक मेजवानीच्या दालनात पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर नुसते रचून ठेवलेले असत. पाहुण्याने आल्याआल्या यजमानाची ऐपत बघावी, हा हेतू.

लंडनच्या जुन्या व्यापारी संघांच्या मेजवानीत मात्र एक विधी आजही होतो. चषक हातोहात फिरतो. पिणारा उभा राहतो, शेजारचा त्याला नमस्कार करून उजव्या हाताने झाकण उचलून धरतो आणि पलीकडचा पिणाऱ्याच्या पाठीला पाठ लावून उभा राहतो. पिऊन झालं की काठ रुमालाने पुसायचा, झाकण ठेवायचं आणि चषक पुढे. सांगतात असं की ९७८ मध्ये एडवर्ड नावाच्या तरुण राजाला कॉर्फ इथे पेला तोंडाला लावलेला असताना भोसकलं, म्हणून पाठीची राखण. झाकण धरणाऱ्याचा उजवा हात गुंतलेला, म्हणजे त्याला खंजीर काढता येणार नाही. गोष्ट खरी असो नसो, विधी करणारे ती मनापासून पाळतात.

राज्याभिषेकाच्या मेजवानीत राजा ज्यातून प्याला, तो चषक कोणाचा होई?

ज्याने दिला त्याचा! इंग्लंडात काही जमिनी राजाची ठरावीक सेवा करण्याच्या बोलीवर दिलेल्या असत. आपल्याकडच्या वतनासारखाच प्रकार : जमीन आहे तर सेवा आहे, आणि सेवा केली तर मानही आहे. हार्टफर्डशरमधल्या ग्रेट वायमंडली गावाची सेवा अशी की राज्याभिषेकाच्या मेजवानीत राजाला पहिला पेला तिथल्या जहागीरदाराने द्यायचा. पेला चांदीचा, मुलाम्याचा. राजा प्याला की तो पेला जहागीरदाराने मेहनताना म्हणून घरी न्यायचा. मध्ययुगात ही जहागीर आर्जेंटीन घराण्याकडे होती. त्यांचं कुलचिन्ह काय होतं? तांबड्या ढालीवर झाकणाचे तीन रुपेरी पेले. पंधराव्या शतकात लग्नसंबंधातून जहागीर अ‍ॅलिंग्टन घराण्याकडे गेली आणि तिच्याबरोबर पेल्याचा हक्कही गेला. हक्क माणसाला चिकटलेला नव्हता, जमिनीला चिकटलेला होता. दर राज्याभिषेकाआधी असले दावे ऐकायला खास न्यायासन बसे आणि प्रत्येकाला आपले कागद दाखवावे लागत.

दुसरे मानकरी लिंकनशरमधल्या स्क्रिव्हल्सबीचे डायमोक. ते राजाचे ‘चॅम्पियन’. १३७७ मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या राज्याभिषेकाला सर जॉन डायमोकने हा मान मिळवला आणि तो घराण्यात राहिला. मेजवानी रंगात आली की चॅम्पियन पूर्ण चिलखतात घोड्यावर बसून थेट दालनात येई. राजाचा हक्क कोणी नाकारत असेल तर त्याने माझ्याशी लढावं, असं तीनदा पुकारलं जाई आणि दर वेळी तो लोखंडी हातमोजा जमिनीवर फेकी. कोणी उचलत नसे. मग राजा त्याच्या नावाने पेल्यातून पिई आणि पेला त्याच्याकडे पाठवी. चॅम्पियन पिऊन पेला घेऊन घोडा उलट्या पावली मागे नेत बाहेर पडे, कारण राजाला पाठ दाखवायची नाही.

शेवटची अशी मेजवानी १९ जुलै १८२१ रोजी चौथ्या जॉर्जच्या वेळी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये झाली. त्या वेळी मानाचा धनी पाद्री असल्यामुळे चिलखत घालायला त्याचा तरुण मुलगा हेन्री डायमोक आला. गर्दी आणि आरडाओरड्याला बुजणार नाही असा घोडा हवा, म्हणून तो अ‍ॅस्ली सर्कशीतून आणला होता. चॅम्पियनच्या एका बाजूला घोड्यावर होता वेलिंग्टनचा ड्यूक. तो पुढे पुन्हा येईल, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. त्याच मेजवानीत वायमंडलीचा पेलाही दिला गेला आणि लंडनच्या लॉर्ड मेयरलाही मद्यसेवेबद्दल पेला मिळाला.

१८३१ मध्ये चौथ्या विल्यमने खर्च नको म्हणून मेजवानीच रद्द केली, ती पुन्हा कधी झाली नाही. मेजवानी गेली तसे पेलेही गेले. डायमोकांना विसाव्या शतकापासून निशाण धरण्याचा मान मिळतो. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकालाही राजनिशाण डायमोकांच्याच हाती होतं.

चषकावर राजचिन्ह कोरलेलं असेल तर तो राजघराण्यातलाच ना?

असेलच असं नाही. लिलावाच्या जाहिराती वाचणाऱ्यांनी इथे सावध राहावं. परदेशी जाणाऱ्या वकिलाला, म्हणजे राजदूताला, राजाच्या जामदारखान्यातून भांडी मिळत : हजार औंसांहून थोडी जास्त मुलाम्याची, शिवाय पाच-सहा हजार औंस साध्या चांदीची. सगळ्यांवर राजाचं चिन्ह, कारण परक्या दरबारात तो राजाच्या वतीने जेवायला घालणार. काम संपलं की भांडी परत करायची असं कागदावर होतं. प्रत्यक्षात राजाकडून माफीचा हुकूम काढून बहुतेकांनी ती घरीच ठेवली. पार्लमेंटच्या सभापतीलाही अशी भांडी मिळत. त्यामुळे राजचिन्हाचे कितीतरी चषक पिढ्यान्‌पिढ्या सरदारांच्या हक्काचे होते आणि कोणत्याही राजाचा त्यांना हातही लागला नव्हता.

जुन्या राजशिक्क्याचा चषक करत, हे खरं का?

खरं, आणि मला हा प्रकार फार आवडतो. राज्य बदललं की आधीचा मोठा राजशिक्का रद्द होई. शिक्क्याचा साचा भरीव चांदीचा असे आणि रद्द झाल्यावर ती चांदी राजशिक्का सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला मिळे. राणी मेरी १५५८ मध्ये वारली, एलिझाबेथ गादीवर आली आणि शिक्का सांभाळणारा सर निकोलस बेकन याला मेरीच्या शिक्क्याची चांदी मिळाली. १५७४ मध्ये त्याने तिचे तीन चषक करून घेतले, आपल्या तीन घरांसाठी प्रत्येकी एक : रेडग्रेव्ह, गोरहॅम्बरी आणि नॉर्फकमधलं स्टिफकी.

तिसरा चषक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. झाकणावर बेकन घराण्याचा रानडुक्कर उभा आहे. अंगावरचा मजकूर अगदी रोखठोक आहे : हा इंग्लंडच्या मोठ्या शिक्क्यापासून केलेला तिसरा पेला, लॉर्ड कीपर सर निकोलस बेकन याने स्टिफकीच्या आपल्या घराला वारसावस्तू म्हणून ठेवला, १५७४. ‘मुलाला’ असं म्हटलेलं नाही, ‘घराला’ म्हटलं आहे. मुलगा वस्तू विकू शकतो, घर विकू शकत नाही, हे कायदा जाणणाऱ्या बेकनला नक्की ठाऊक होतं. (गोरहॅम्बरीचं घर पुढे त्याच्या धाकट्या मुलाकडे आलं. तोच तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन.)

कुलचिन्हावरून मालक कसा शोधतात?

नवरा-बायकोच्या घराण्यांची चिन्हं एकाच ढालीत डावी-उजवी कोरायची पद्धत होती. त्यामुळे ढाल म्हणजे जवळजवळ लग्नपत्रिकाच ठरते. केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात संस्थापिका लेडी मार्गारेट बोफर्टचा म्हणून जपलेला मुलाम्याचा चषक आहे. त्याच्या आत ढाल आहे ती ग्लॉस्टरचा ड्यूक हम्फ्री आणि त्याची दुसरी बायको एलिनॉर कॉबम यांची. त्यांचं लग्न १४२८ च्या सुमाराचं. १४४१ मध्ये एलिनॉरवर जादूटोण्याचा आरोप शाबीत झाला आणि लग्न मोडण्यात आलं. म्हणजे चषक या दोन सालांच्या मधला. त्यावर तारीख नाही, पण एका बाईच्या दुर्दैवाने ती नोंदवून ठेवली आहे.

मालक बदलला की जुनं चिन्ह घासून नवं कोरत. घासलेल्या जागी पत्रा पातळ होतो, तिथे बोट फिरवलं की खोलगट लागतं, तोंडाची वाफ टाकली की कडा उमटतात. बुडाखाली टोचणीने खरवडलेले आकडेही बघावेत. ते वजन असतं, ट्रॉय औंसांत. एक औंस ३१.१ ग्रॅमचा, म्हणजे जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने पावणेतीन तोळ्यांना किंचित कमी. घरच्या कारभाऱ्याने चोरी पकडायला कोरून ठेवलेला तो आकडा आज वेगळ्या कामाला येतो. आताचं वजन त्याहून बरंच कमी भरलं तर काहीतरी घासलं किंवा काढलं आहे. जास्त भरलं तर मागाहून कोणीतरी काही जोडलं आहे.

हॉलमार्क कसा वाचायचा?

आपल्याकडे दागिन्यांवरच्या हॉलमार्कमुळे हा शब्द घरोघरी पोचला आहे. तो आला लंडनच्या सोनारांच्या संघाच्या वाड्यावरून, गोल्डस्मिथ्स हॉलवरून. १३०० मध्ये पहिल्या एडवर्डने कायदा केला की चांदी कसाला उतरल्याशिवाय विकायची नाही आणि उतरली की तिच्यावर बिबट्याच्या तोंडाचा ठसा मारायचा. १३६३ पासून कारागिराची खूण आली, १४७८ पासून दर वर्षाला एक अक्षर आणि १५४४ पासून चालता सिंह. नाणी वितळवून भांडी करण्याचा सुळसुळाट झाला म्हणून १६९७ ते १७२० भांड्यांसाठी हजारात ९५८ हा वरचा कस सक्तीचा होता. त्या काळात सिंहाऐवजी बसलेली ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातलं ब्रिटन, दिसते. १७८४ ते १८९० मध्ये राजाचं मुंडकं दिसलं तर कर भरल्याची ती खूण. बिबट्याच्या डोक्यावरचा मुकुट १८२१ मध्ये गेला.

वर्षाचं अक्षर तेव्हा १ जानेवारीला बदलत नसे. सोनारांचा संत डन्स्टन याच्या दिवशी, १९ मेला बदलत असे. सायरनसेस्टरच्या चर्चमध्ये एक मुलाम्याचा चषक आहे, त्यावर आठव्या हेन्रीची राणी अ‍ॅन बुलीन हिच्या ससाण्याचं चिन्ह आहे आणि अक्षर १५३५ सालचं. म्हणजे चषक कसाला लागला तो १९ मे १५३५ नंतरच्या बारा महिन्यांत. ते अक्षर ज्या दिवशी रद्द झालं त्याच दिवशी, १९ मे १५३६ रोजी, अ‍ॅनचा शिरच्छेद झाला. परंपरा सांगते की चषक तिची मुलगी एलिझाबेथ हिच्याकडे आला, तिने तो आपले वैद्य रिचर्ड मास्टर यांना दिला आणि त्यांनी चर्चला.

सरदारांकडे एवढी भांडी होती तर गेली कुठे?

मुशीत. चषक म्हणजे रोकड होती, फक्त जरा देखणी. फॅशन जुनी झाली की सरदार सोनाराकडे जुनं वजन देऊन नवी घडण घेई. घडणावळ बुडे, चांदी राही. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं आणि दोन्ही बाजूंनी भांडी मागितली. राजाने ऑक्सफर्डला टाकसाळ बसवून कॉलेजांची चांदी वितळवली आणि सैनिकांचे पगार भागवले. १६४९ मध्ये राजाचंच मुंडकं उडालं आणि मग राजमुकुटासकट राजाचा ठेवाही वितळला.

वाचलं काय, ते बघितलं तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. घराण्यात राहिलेले चषक गेले आणि घराण्याने देऊन टाकलेले वाचले. कॉलेज, चर्च, नगरपालिका, व्यापारी संघ यांना दिलेली वस्तू एकट्या माणसाच्या लहरीवर विकता येत नाही. विंचेस्टरचे बिशप टॉमस लँग्टन यांनी १४९७ मध्ये केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजला मुलाम्याचा चषक दिला, तेव्हा त्यावर कोरून घेतलं : जो हा परक्याच्या हाती देईल तो शापित होवो. चषकावरचा ठसा १४८१ सालचा आहे. कॉलेजने शाप ओढवून घेतला नाही, चषक अजून तिथेच आहे.

आज सरदारांच्या वाड्यात आहेत त्यांचा मालक कोण?

बहुतेकदा एक माणूस नाही. घराण्याच्या मिळकतीची व्यवस्था अशी लावलेली असे की चालू उमराव फक्त हयातीपुरता उपभोग घेणार आणि वस्तू पुढच्या वारसाकडे जाणार. १८८२ च्या कायद्याने न्यायालयाच्या परवानगीने वारसावस्तू विकण्याची वाट मोकळी झाली. त्याच सुमाराला शेतीचं उत्पन्न घसरत होतं. १८९४ मध्ये जबर मृत्युकर आला. तिथून पुढे वाड्यांमधली चांदी लिलावात येऊ लागली आणि बरीचशी अमेरिकेला गेली.

सरकारनेही वाटा ठेवल्या. राष्ट्रीय महत्त्वाची वस्तू लोकांना बघू दिली तर त्यावरचा कर तहकूब राहतो, किंवा कराऐवजी वस्तूच सरकारजमा करता येते. परदेशी विकायची असेल तर परवाना लागतो. १९५२ मध्ये घालून दिलेल्या निकषांत वस्तू बसली तर परवाना काही महिने रोखून ठेवतात आणि तेवढ्या अवधीत देशातल्या संग्रहालयाला तीच किंमत उभी करायची संधी मिळते.

चर्चने आपला चषक विकला तर चालतं का?

चालतं, पण चर्चच्या न्यायालयाची परवानगी लागते. विल्टशरमधल्या लेकॉक गावच्या चर्चकडे पंधराव्या शतकातला चांदीचा चषक होता, कडांना मुलामा दिलेला. मुळात कुणा श्रीमंताच्या ताटावरचा, पुढे चर्चच्या प्रसादाला वापरात आला आणि म्हणूनच वाचला. १९६० च्या दशकापासून तो ब्रिटिश म्युझियमकडे उसना होता. २०१३ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि विल्टशर म्युझियम यांनी मिळून १३ लाख पौंडांना विकत घेतला. गावातल्या काहींना ते रुचलं नाही आणि त्यांचं दुःख मला समजतं. चारशे वर्षं गावाने ज्यातून तीर्थ घेतलं ती वस्तू छपराच्या दुरुस्तीसाठी जावी, हे सोपं नाही.

किंग जॉनचा चषक खरंच किंग जॉनचा आहे का?

नाही. किंग्ज लिन शहराचा हा मुलामा आणि मिन्याचा चषक साधारण १३४० चा. जॉन १२१६ मध्येच वारला. नाव मागाहून चिकटलं. पण वस्तू अप्रतिम आहे : निळ्या-हिरव्या मिन्यात शिकारीच्या पोशाखातले स्त्री-पुरुष उभे आहेत. नाव खोटं म्हणून तिची किंमत तसूभरही कमी होत नाही.

शर्यतीचे ‘गोल्ड कप’ याच जातीचे का?

हो, अठराव्या शतकात हौशी सरदारांनी ही रीत घोड्यांच्या शर्यतीत नेली. रिचमंडच्या शर्यतीचा कप तर वास्तुशिल्पी रॉबर्ट अ‍ॅडमच्या नकाशाबरहुकूम घडवला होता. अ‍ॅस्कॉटचा गोल्ड कप १९०७ मध्ये शर्यतीच्याच दिवसांत भर मैदानातून चोरीला गेला, तो आजवर सापडलेला नाही.

महाराष्ट्राशी यांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो सुखाचा नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आताच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा आर्थर वेलस्लीने पराभव केला. त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी वर्गणी काढून त्याला २००० गिनींचा सोन्याचा कलश द्यायचं ठरवलं. पुढे बेत बदलला आणि कलशाऐवजी मुलाम्याच्या चांदीचा जेवणाचा संच झाला. ‘डेक्कन सर्व्हिस’ म्हणून तो लंडनच्या अ‍ॅप्सली हाउसमध्ये आहे. वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. १८२१ च्या मेजवानीत चॅम्पियनच्या बाजूला घोड्यावर होता तो हाच.

मराठी माणसाने तो संच जरूर बघावा. असईला दोन्ही बाजूंची माणसं हजारोंनी पडली. वेलस्लीने स्वतःच्या लढायांत असईला फार वरचं स्थान दिलं होतं. तिची आठवण लंडनला चांदीत जपलेली आहे आणि इथे रणभूमीवर जाणारे मोजकेच.

खोटा चषक कसा ओळखावा?

१७२० पासून चांदीवर औंसामागे सहा पेन्स कर बसला. तो चुकवायला काही सोनार लहानशा वस्तूवर ठसे मारून घेत आणि तो तुकडा कापून मोठ्या चषकाच्या बुडाला डाखत. अशा चषकात कारागिरी त्या काळचीच असते, पण ठसे उसने असतात. पुढच्या काळातली लबाडी वेगळी : साध्या पेल्याला झाकण, कान, नक्षी जोडून त्याचा ‘सरदारी’ चषक करायचा. म्हणून झाकण, अंग आणि बैठक, तिन्हीवर ठसे आहेत का आणि एकाच सालचे आहेत का, ते बघावं. बुडाच्या ठशाभोवती सांधा दिसला तर थांबावं. मुलामा फार एकसारखा आणि लखलखीत असेल तर तो मागाहून विजेने दिलेला असू शकतो. जुन्या पाऱ्याच्या मुलाम्यात पाऱ्याचा अंश उरतो आणि तो क्ष-किरण तपासणीत सापडतो.

आणि कुठलाही जुना मुलामा घरी पावडर लावून घासू नये. सोन्याचा थर केसाहून पातळ असतो. मऊ ओल्या फडक्याने पुसावं आणि लगेच कोरडं करावं, एवढंच.

लंडनला गेलो तर कुठे बघायचे?

ब्रिटिश म्युझियममध्ये बेकनचा चषक. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची चांदीची दालनं, तिथे हॉवर्ड ग्रेस कप चुकवू नका : हस्तिदंताचा पेला, त्याला १५२५ चं मुलाम्याचं कोंदण, झाकणाभोवती ‘शुद्धीत राहा’ आणि पेल्यावर ‘आनंदाने पी’ अशा अर्थाची लॅटिन वचनं. अ‍ॅप्सली हाउस हाइड पार्कच्या कोपऱ्यावर आहे. टॉवर ऑफ लंडनमध्ये राजाची मेजवानीची भांडी मुकुटांच्या गर्दीत दुर्लक्षिली जातात, त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवा. गोल्डस्मिथ्स हॉल रोज उघडा नसतो, प्रदर्शनाच्या तारखा आधी बघून जावं. तिथे सर मार्टिन बोझने संघाला दिलेला १५५४ चा चषक आहे. एलिझाबेथ आपल्या राज्याभिषेकाला याच चषकातून प्यायली, असं संघाची परंपरा सांगते.